बर्फाच्या पेटींतील यकृत

एका मनुष्याचा अवयव दुसऱ्याच्या शरीरांत बसविला असतां तें शरीर त्या अवयवास नाकारूं पाहतें, ही गोष्ट वरच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असते. कां नाकारतें असें विचारिलें तर उत्तरहि तयार असतें : तो अवयव परका असतो म्हणून. हें उत्तर खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. गेल्या तीसपस्तीस वर्षांत वैद्यकशास्त्रानें ह्या उत्तरास एक महत्त्वाची पुरवणी जोडली आहे. शरीर केवळ परकेपणाकडे पाहत नाहीं. आलेला पाहुणा धडधाकट आहे कीं जखमी, हेंहि तें पाहतें. आणि ही जखम पुष्कळदां दोन शरीरांच्या मधल्या प्रवासांत, बर्फाच्या पेटींत, सुरू होते. प्रस्तुत लेखांत यकृताच्या उदाहरणावरून हा विषय समजून घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यकृत हें उदराच्या उजव्या अंगास बरगड्यांच्या आड वसलेलें, मोठ्या माणसांत सव्वा ते दीड किलो वजनाचें इंद्रिय आहे. मराठींत ज्यास काळीज म्हणतात तें मुळांत हेंच; परंतु प्रेम, धैर्य, दुःख हीं सर्व आम्हीं त्याच्या खात्यावर इतकीं जमा केलीं कीं पुष्कळांस काळीज म्हणजे हृदयच वाटूं लागलें आहे. असो. यकृत पित्त तयार करतें, रक्त गोठविणारीं द्रव्यें बनवितें, साखर सांठवितें, औषधांचा व विषांचा निकाल लावतें. मूत्रपिंडें निकामी झालीं तर डायलिसिसच्या यंत्रावर मनुष्य कित्येक वर्षें जगूं शकतो. यकृताचें सर्व काम तसें वर्षानुवर्षें करील असें यंत्र अद्याप कोणास साधलेलें नाहीं. म्हणून ज्याचें यकृत कायमचें गेलें त्यास दुसऱ्याचें यकृत मिळणें हाच मार्ग उरतो. आणि मिळालेलेंहि बिघडलें तर पुन्हां एकदां तीच वाट पाहणें नशिबीं येतें.

पुढील विवेचन समजण्यास यकृताची अंतर्रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. त्यांत रक्त दोन वाटांनीं येतें. आंतड्यांकडून अन्नरस घेऊन येणारी मोठी शीर सुमारें तीन चतुर्थांश रक्त आणते, आणि यकृताची धमनी उरलेलें आणते. हीं दोन्ही रक्तें पेशींच्या रांगांमधील सूक्ष्म वाटांत एकत्र मिसळतात. ह्या वाटांस आंतून अत्यंत पातळ पेशींचें अस्तर असतें, आणि त्या अस्तरावर जागोजाग कुफर-पेशी नांवाच्या भक्षक पेशी पहारेकऱ्यांसारख्या बसलेल्या असतात. कार्ल फॉन कुफर ह्या शरीरशास्त्रज्ञानें १८७६ सालीं त्यांचें वर्णन केलें म्हणून त्यांस त्याचें नांव मिळालें. पित्तनलिका मात्र केवळ धमनीच्या रक्तावर जगतात. वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी; ती पुढें उपयोगी पडेल.

१ मार्च १९६३ रोजीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें टॉमस स्टार्झल ह्या शस्त्रवैद्यानें मनुष्याच्या शरीरांत दुसऱ्याचें यकृत बसविण्याचा पहिला प्रयत्न केला. रोगी तीन वर्षांचें मूल होतें. त्याच्या पित्तनलिका जन्मतःच बंद होत्या. शस्त्रक्रिया चालू असतांनाच रक्तस्राव होऊन तें मूल गेलें. पुढचे कांहीं रोगीहि थोड्याच दिवसांत दगावले, आणि काम कांहीं काळ थांबवावें लागलें. १९६७ सालीं स्टार्झल यांस पहिलें खरें यश आलें. १९६८ सालीं इंग्लंडांत केंब्रिज येथें रॉय काल्न यांनीं हें काम हातीं घेतलें. त्या काळीं शस्त्रवैद्यांपुढें दोन भिंती उभ्या होत्या. एक शरीराच्या नकाराची, दुसरी वेळेची. पहिल्या भिंतीस १९८० च्या सुमारास सायक्लोस्पोरिन ह्या औषधानें मोठें खिंडार पाडलें, आणि तेव्हांपासून जाणत्या लोकांचेंहि लक्ष औषधांवर खिळलें. दुसरी भिंत म्हणजे केवळ एक सोयीची अडचण, म्हणजे वाहन, अंतर आणि घड्याळ यांचा प्रश्न, असें मानलें गेलें. ह्या दोन्ही भिंती पायाशीं एकमेकींस जोडलेल्या आहेत हें ध्यानांत येण्यास बराच काळ जावा लागला.

आतां पेटींत काय घडतें तें पाहूं. यकृत दात्याच्या शरीरांतून काढलें कीं त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि त्याबरोबर प्राणवायुहि. पेशी त्याच क्षणीं मरत नाहींत. पण त्यांचें सर्व कामकाज ज्या एटीपी नांवाच्या द्रव्यावर चालतें तें प्राणवायूवांचून झपाट्यानें संपूं लागतें. समुद्रावर मासेमारीस जाणारी जुनी होडी आमच्या कोंकणांतील वाचकांनीं पाहिली असेल. तिच्या फटींतून पाणी सतत आंत झिरपत असतें, आणि एक मनुष्य तें सतत उपशीत असतो. म्हणून होडी तरंगते. प्रत्येक पेशीची स्थिति अशीच आहे. सोडियम बाहेरून आंत झिरपत असतो आणि पेशीच्या भिंतींतला पंप तो बाहेर फेकीत असतो. एटीपी संपलें म्हणजे उपसणारा हात थांबला. मग सोडियम आंत शिरतो, त्यामागोमाग पाणी शिरतें, आणि पेशी फुगूं लागते.

ह्यावर पहिला उपाय थंडीचा. तपमान दहा अंशांनीं उतरलें कीं पेशींतील रासायनिक व्यवहार साधारण निम्मा होतो. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें : शरीराचें तपमान ३७ अंश, २७ वर व्यवहार निम्मा, १७ वर पाव, ७ वर एक अष्टमांश, बर्फाच्या पेटींतील ४ अंशांवर जवळजवळ दहावा हिस्सा. म्हणजे भूक दहापटीनें कमी झाली, पण मिटली नाहीं. पुष्कळ लोक येथें बर्फांत ठेवलेल्या सुरमईची उपमा देतात. ती उपमा आम्हांस फसवी वाटते. बर्फांतली सुरमई मेलेली असते. तिचें मांस कुजूं नये एवढाच तेथें हेतु असतो. यकृत जिवंत राहिलें पाहिजे, आणि थंडी ही जिवंत पेशीस स्वतःच एक आघात आहे. कारण त्याच थंडीनें सोडियमचा पंपहि सुस्तावतो.

म्हणून नुसता बर्फ पुरत नाहीं. यकृताच्या रक्तवाहिन्यांतून एक विशिष्ट द्रव सोडून रक्त धुवून काढावें लागतें आणि त्याच द्रवांत तें बुडवून ठेवावें लागतें. १९८० नंतरच्या काळांतहि हा द्रव असा होता कीं यकृत सहा ते आठ तासांच्या आंत बसविणें भाग पडे. १९८७ च्या सुमारास अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत फोल्कर्ट बेल्झर व जेम्स साउदर्ड यांनीं नवा द्रव सिद्ध केला, आणि ही मुदत जवळजवळ दुप्पट झाली. प्रसंगीं त्याहूनहि अधिक. मध्यरात्रीं धांवपळ करून करावयाची शस्त्रक्रिया दिवसाउजेडीं, ताज्या हातांनीं करणें शक्य झालें. ह्या द्रवामागची कल्पना शाळेंतल्या प्रयोगांतून सहज उमगण्यासारखी आहे. मनुका साध्या पाण्यांत टाकल्या तर फुगतात, दाट पाकांत टाकल्या तर फुगत नाहींत. बेल्झर व साउदर्ड यांनीं पेशीच्या आंत शिरूं न शकणारे मोठे रेणु बाहेरच्या द्रवांत घातले, म्हणजे पाणी आंत ओढलें जाईना. त्यांपैकीं एक रेणु दुधाच्या साखरेपासून केलेला. दुसरी रॅफिनोज नांवाची साखर. हीच रॅफिनोज आपल्या कडधान्यांत असते, ती आपणांस पचत नाहीं, आणि हरभऱ्याची उसळ जास्त झाली कीं पोटांत जो गोंधळ होतो त्यांत तिचा मोठा वांटा असतो! शिवाय त्या द्रवांत एटीपी पुन्हां घडविण्यास कच्चा माल म्हणून ॲडेनोसिन, आणि पुढें सांगावयाच्या एका विशेष संकटावर तोड म्हणून ग्लुटाथायोन व ॲलोप्युरिनॉल हीं द्रव्यें घातलीं होतीं.

तें संकट असें. आपणांस वाटतें कीं रक्त तुटलें तेव्हां जें नुकसान व्हावयाचें तें झालें. आतां यकृत नव्या शरीरांत जोडलें, शिरांवरचे चिमटे सोडले, लाल रक्त आंत शिरलें, म्हणजे संकट टळलें. वस्तुतः मोठा घाव ह्याच क्षणीं बसतो. चिरलेलें वांगें वाऱ्यावर उघडें राहिलें कीं काळें पडतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. यकृतांतील क्रिया तीच नव्हे. परंतु प्राणवायु जीवन देणारा असला तरी अवेळीं आणि अनावर रीतीनें आला तर जाळणाराहि होतो, एवढें त्यावरून ध्यानांत यावें. २०१४ सालीं केंब्रिज येथील संशोधकांनीं ह्यामागचें एक कारण उंदरांत दाखवून दिलें. प्राणवायूवांचून पडून राहिलेल्या पेशींत सक्सिनेट नांवाचें द्रव्य सांचत जातें. रक्त परत आलें कीं हा सारा सांठा एकदम पेटतो, आणि पेशींतील ऊर्जागृहांतून प्राणवायूचे अत्यंत दाहक अंश बाहेर उडतात. ते पेशींच्या भिंती, प्रथिनें, जें सांपडेल तें जाळीत सुटतात. सांठा किती सांचला हें पेटींत किती तास गेले आणि कसे गेले ह्यावर अवलंबून. म्हणून जखमेची पेरणी पेटींत होते आणि पीक शस्त्रक्रियेच्या मेजावर येतें.

थंडीचा मुख्य बळी कोण, हें शोधूं गेल्यावर आणखी एक आश्चर्य निघालें. उबेंत रक्त तुटलें तर यकृताच्या मुख्य पेशी अधिक दुखावतात. थंडींत मात्र त्या बऱ्याच टिकतात आणि सूक्ष्म वाटांचें तें पातळ अस्तर सुटूं लागतें. कित्येक ठिकाणीं अस्तराच्या पेशी गोळा होऊन भिंतीपासून निखळतात. मग रक्त परत आलें कीं त्यांतल्या चकत्या आणि पांढऱ्या पेशी ह्या उघड्या जागेस चिकटतात, वाटा तुंबतात. पहाऱ्यावरच्या कुफर-पेशी चवताळून उठतात आणि दाह वाढविणारीं रासायनिक पत्रें चहूंकडे धाडतात. उरलेलें अस्तर तीं पत्रें वाचून आपल्या पृष्ठावर अशीं प्रथिनें उभारतें कीं ज्यांस रक्तांतील लढाऊ पेशी धरून थांबतील. तसेंच ज्या खुणांवरून अवयव परका म्हणून ओळखला जातो त्या खुणा जखमी पेशी अधिक संख्येनें बाहेर मांडतात. धडधाकट यकृत रोग्याच्या रक्तापुढें अंगावर शाल घेऊन गेलें असतें. जखमी यकृत आपलें परकेपण अंगावर लिहून जातें.

येथून आपण नकाराच्या प्रश्नाकडे येतों. प्रतिकारशक्तीचें काम ‘आपला’ आणि ‘परका’ ओळखणें हें होय, असें पाठ्यपुस्तकें अनेक वर्षें सांगत आलीं. १९९४ सालीं अमेरिकेंत पॉली मॅट्झिंगर ह्या विदुषीनें निराळा विचार मांडला. (ह्याच बाईंनीं १९७८ सालीं एका शास्त्रीय निबंधावर आपल्या कुत्रीचें नांव सहलेखिका म्हणून घातलें होतें, तेव्हां रूढ मतास ती सहजासहजीं मान देणारी नव्हती हें उघड आहे.) तिचें म्हणणें असें कीं, शरीर परक्यावर नव्हे तर धोक्यावर उठतें. पेशी नैसर्गिक रीतीनें वारली तर गुपचूप उचलली जाते. पण जाळून, फोडून मारली गेली तर तिच्या आंतलीं द्रव्यें बाहेर सांडतात, आणि तीं द्रव्यें म्हणजेच धोक्याची घंटा. त्याच वर्षीं म्यूनिक येथील वॉल्टर लांड व त्यांचे सहकारी रोपणाच्या रोग्यांवरून जवळजवळ त्याच ठिकाणीं येऊन पोंचले. त्यांची गोष्ट आम्ही लवकरच सांगणार आहों.

हें कसें घडतें तें बँकेंतील लॉकरच्या दृष्टांतानें स्पष्ट होईल. लॉकरला दोन चाव्या लागतात. एक आपली, एक बँकेची. एकीनें तो उघडत नाहीं. लढाऊ टी-पेशीचेंहि तसेंच आहे. परक्याची खूण दिसणें ही पहिली चावी. दुसरी चावी त्या खुणा घेऊन फिरणाऱ्या, फांद्याफांद्यांच्या आकाराच्या एका जातीच्या पेशींकडे असते. अशा पेशी दात्याच्या यकृतांतूनहि रोग्याच्या शरीरांत येतात आणि तेथून त्याच्या प्लीहेंत व लसिकाग्रंथींत जातात. यकृत शांतपणें आलें असेल तर ह्या पेशी बहुधा दुसरी चावी हातीं धरीत नाहींत. टी-पेशी खूण पाहते आणि थंड राहते, किंबहुना कांहीं वेळां पुढेंहि स्वस्थ राहण्यास शिकते. पण धोक्याची घंटा ऐकून आलेल्या पेशी दुसरी चावी घेऊनच दारांत उभ्या राहतात. मग लॉकर उघडतो.

येथें एखादा चौकस विद्यार्थी विचारील : मग जखम हेंच कारण म्हणा, परकेपणा कशाला पाहिजे? ह्याचें उत्तर इतिहासानें आधींच देऊन ठेविलें आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथें जोसेफ मरे यांनीं एका तरुणास त्याच्या हुबेहूब जुळ्या भावाचें मूत्रपिंड बसविलें. त्या मूत्रपिंडासहि रक्त तुटण्याचा आणि परत येण्याचा आघात सोसावा लागलाच. पण शरीरानें तें नाकारलें नाहीं, कारण पहिली चावीच नव्हती. जखम एकटी असली तर भरून येते. परकेपणा एकटा असला तर औषधांनीं बराच आवरतो. दोन्ही एकत्र आल्या म्हणजे मात्र अडचण वाढते.

पुराव्याकडे वळूं. लांड यांनीं मूत्रपिंडाच्या रोग्यांस शस्त्रक्रियेच्या वेळीं, वर सांगितलेले प्राणवायूचे दाहक अंश विझविणारें एक एन्झाइम दिलें. बरोबरीच्या दुसऱ्या गटास दिलें नाहीं. औषध त्या एका वेळेपुरतेंच होतें. तरी ज्यांस तें मिळालें नव्हतें त्यांपैकीं शेकडा ३३ जणांत नकाराची तीव्र लक्षणें दिसलीं, आणि ज्यांस मिळालें होतें त्यांच्यांत शेकडा १८ च्या आसपास. परकेपणा दोन्ही गटांत सारखाच होता. फरक पहिल्या कांहीं मिनिटांच्या जळण्यांत होता. दुसरा पुरावा १९९५ सालीं लॉस एंजेलिस येथील पॉल टेरासाकी यांनीं प्रसिद्ध केला. पतिपत्नींनीं एकमेकांस दिलेल्या मूत्रपिंडांपैकीं तीन वर्षांनीं शेकडा ८५ चालू होतीं, आईबापांनीं मुलांस दिलेल्यांपैकीं ८२, आणि मृत दात्यांच्यांपैकीं ७०. पतिपत्नींत रक्ताचें नातें नसतें. त्यांच्या पेशींच्या खुणा फारशा जुळत नाहींत. निवळ परकेपणावर सर्व अवलंबून असतें तर ही आंकडेवारी उलट यावयास पाहिजे होती. आणखी एक बाब प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. पेटींत गेलेल्या तासांनींच हा सगळा फरक उलगडेना. मृत दात्यांचीं कांहीं मूत्रपिंडें शरीराबाहेर येण्यापूर्वींच, दात्याच्या अखेरच्या अवस्थेंत, दुखावलेलीं असावींत असा टेरासाकी यांचा कयास होता. म्हणजे पेटी हा जखमेचा एक टप्पा झाला, एकमेव नव्हे. मेंदु मृत झाल्यावर सर्व शरीरांत जी खळबळ माजते तीहि ह्या हिशेबांत धरावी लागते.

यकृताविषयीं १९९० सालीं डॅलस येथील शस्त्रवैद्यांनीं आपल्या रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. रोपणानंतरच्या पहिल्या दिवसांत रक्तांत उतरणाऱ्या यकृताच्या एन्झाइमांवरून त्यांनीं जखमेची तीव्रता ठरविली, आणि ज्यांचें यकृत जास्त दुखावलेलें होतें त्यांच्यांत पुढें नकार अधिक आढळला. पुढील काळांतील सर्वच पाहण्यांनीं ह्या निष्कर्षास सारखा दुजोरा दिला असें नाहीं, आणि ह्याचें कारणहि यकृताच्या स्वभावांत आहे. यकृत हें विलक्षण सहनशील इंद्रिय होय. १९६९ सालीं काल्न यांनीं डुकरांत केलेल्या प्रयोगांत परकें यकृत पुष्कळदां औषधांवांचूनहि टिकून राहिलें, आणि त्याच दात्याचा दुसरा अवयवहि मग त्या शरीरानें सोसला. माणसांतहि मूत्रपिंडासाठीं जशी पेशींच्या खुणांची जुळणी पाहतात तशी यकृतासाठीं सहसा पाहत नाहींत. रक्तगट जुळला म्हणजे पुरतें. तेव्हां यकृतांत जखमेचा परिणाम औषधांच्या आणि ह्या अंगभूत शांततेच्या आड कांहीं अंशीं झांकला जातो. आमच्या मतें म्हणूनच तो अधिक बारकाईनें पाहण्याजोगा आहे.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, नकार आला तर औषधें आहेतच, मग इतका विचार कशास? औषधें आहेत, आणि यकृताचा तीव्र नकार आज बहुधा आटोक्यांत येतो, हें खरें. परंतु प्रतिकारशक्ति दाबणारें प्रत्येक औषध आपली किंमत घेतें. जंतूंस मोकळीक मिळते. कित्येकांच्या मूत्रपिंडांस इजा होते, कित्येकांस मधुमेह जडतो. आणि पित्तनलिकांचें काय? त्या केवळ धमनीवर जगतात असें आम्हीं वर सांगितलें. जखमेंत आणि नकारांत, दोहोंत, त्यांच्यावर आघात होतो, आणि त्या एकदां अरुंद झाल्या कीं यकृताच्या इतर भागांप्रमाणें सहजासहजीं नव्यानें वाढत नाहींत. रोगी महिनेच्या महिने काविळीनें आणि तापानें झिजतो.

पहिल्या आठवड्यांतील एक पेंच तर फार नाजूक असतो. रोग्याच्या रक्तांत एन्झाइमें वाढलेलीं दिसतात. हें पेटींतल्या जखमेमुळें आहे कीं नकार सुरू झाला म्हणून? दोहोंचे बाह्य चिन्ह एकच. उपाय मात्र उलट. नकार असेल तर प्रतिकारशक्ति जोरानें दाबावयास पाहिजे. नुसती जखम असेल तर तसें दाबणें म्हणजे जंतूंस दार उघडून देणें. अशा वेळीं यकृताचा सुईएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. जखमेंत पेशींच्या रांगांच्या मध्यभागच्या शिरेभोंवतीं फुगलेल्या पेशी आणि अडकलेलें पित्त दिसतें. नकारांत लढाऊ पेशींची गर्दी कडेच्या भागांत, पित्तनलिकांत आणि शिरांच्या अस्तरांत दिसते. कांहीं रोग्यांत दोन्ही चित्रें एकाच तुकड्यावर असतात. मग वैद्याचें खरें कसब लागतें.

आपल्या देशांतील स्थिति येथें थोडी निराळी आहे. १९९४ च्या कायद्यानें मेंदु मृत झालेल्या व्यक्तीचे अवयव घेण्यास मुभा मिळाली. तरी भारतांत बहुतेक यकृतें जिवंत आप्तांकडूनच येतात. आई, बाप, भाऊ, बहीण, पत्नी आपल्या यकृताचा एक भाग देतात, आणि उरलेला भाग त्यांच्या शरीरांत पुन्हां वाढतो. दोन्ही शस्त्रक्रिया शेजारशेजारच्या खोल्यांत चालल्यामुळें पेटींतला काळ फार थोडा असतो. मृत दात्याचें यकृत मात्र पुण्याहून मुंबईस किंवा त्याहूनहि दूर न्यावें लागतें, आणि त्या वेळीं पोलिस रस्ता मोकळा करतात. ह्या ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत येतात. किती मिनिटांत गाडी पोंचली ह्याचें कौतुक होतें, आणि तें यथार्थहि आहे. पण वाचकांनीं ती बातमी वाचतांना एवढें मनांत आणावें कीं, ती घाई यकृत मरूं नये एवढ्यासाठींच नाहीं. तें घेणाऱ्याच्या शरीरास कमी चिथावणारें राहावें ह्यासाठींहि आहे. दुसरी गोष्ट चरबीची. ज्या यकृताच्या पेशी चरबीनें भरलेल्या असतात त्यांच्यामधल्या सूक्ष्म वाटा आधींच अरुंद असतात, आणि असें यकृत थंडींतला प्रवास व नंतरचा दाह फार वाईट रीतीनें सोसतें. बैठें काम आणि गोडधोड ह्यांनीं यकृतांत चरबी सांठण्याचें प्रमाण शहरांत वाढलें आहे. त्यामुळें देण्याची इच्छा असूनहि कित्येक आप्तांस वैद्य प्रथम वजन उतरवून या म्हणून सांगतात.

अलीकडे बर्फाच्या पेटीऐवजीं यंत्रावर यकृत ठेवण्याची रीत पुढें आली आहे. ऑक्सफर्ड येथील पीटर फ्रेंड व कॉन्स्टंटिन कुसिओस यांच्या यंत्रांत यकृत शरीराच्याच उबेंत राहतें. त्यांतून रक्त व प्राणवायु फिरत असतो, आणि तें पेटींत नव्हे तर जणूं कामावर असल्याप्रमाणें पित्त गाळीत असतें. अशा यंत्रावरील यकृत लंडन येथें २०१३ सालीं प्रथम रोग्यास बसविलें गेलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या युरोपांतील मोठ्या चांचणींत, यंत्रावरचीं यकृतें बर्फावरच्यांपेक्षां सरासरीनें निम्म्याहून अधिक जास्त वेळ बाहेर राहूनहि, त्यांच्या जखमेचें एन्झाइमांवरून केलेलें माप निम्म्यावर आलें. दुसरी रीत हॉलंडांतील ग्रोनिंगन आणि स्वित्झर्लंडांतील झुरिक येथील वैद्यांनीं वाढविली. ते यकृत थंडच ठेवतात, पण बसविण्यापूर्वीं एकदोन तास त्यांतून प्राणवायूनें भरलेला थंड द्रव फिरवितात. थंडींत सक्सिनेटचा सांठा हळूहळू जळून जातो, म्हणून पुढें रक्त आल्यावर भडका उडत नाहीं. हृदय थांबल्यावर घेतलेल्या यकृतांवर हा प्रयोग केला तेव्हां पित्तनलिका अरुंद होण्याचें प्रमाण शेकडा १८ वरून ६ वर आलें. हा निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. झुरिक येथें त्यापूर्वीं, २०१४ सालीं, उंदरांच्या एका परक्या जातीचें यकृत दुसऱ्या जातीस बसवून पाहिलें होतें, आणि हीच थंड प्राणवायूची आंघोळ घातलेल्या यकृतांविरुद्ध प्रतिकारशक्तीची उठावणी सौम्य झालेली दिसली.

माणसांवरील वरील दोन चांचण्या जखम आणि पित्तनलिका ह्यांचें मोजमाप करण्यासाठीं योजिल्या होत्या. नकाराची मोजणी हा त्यांचा मुख्य हेतु नव्हता. तो हिशेब आतां निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांत मांडला जात आहे. त्याबरोबर एक पुढचा प्रश्नहि विचारला जातो : यकृत न दुखावतां पोंचलें तर रोग्यास जन्मभर घ्यावयाच्या गोळ्या थोड्या कमी करतां येतील काय? यंत्रें महाग आहेत, तीं चालविण्यास शिकलेलीं माणसें लागतात, आणि पुष्कळ ठिकाणीं अजून बर्फाची पेटीच वापरली जाते.